फॅनचा आवाज

सोमवार, ६ जानेवारी. सकाळ.

एक कोडे. संगणकावर टास्क मॅनेजर उघडावा. पहिल्या क्षणी सीपीयूचा आकडा तीस-चाळीस टक्क्यांवर उडालेला दिसतो, आणि आपण ‘सापडला!’ म्हणेपर्यंत तो चार-पाचावर येऊन सभ्यपणे बसतो. हे सर्वांनी पाहिलेले असणार. कारण फारसे कुणी शोधले नसणार. कारण असे की, टास्क मॅनेजर उघडणे हेही संगणकाला एक कामच आहे. तपासनीस येतो, त्याच्या चहापाण्यासाठी कचेरीत धावपळ उडते, आणि त्याला वाटते, इथे रोजच एवढी गडबड असते.

(ही रोजनिशी माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही. तरीही तंत्रनिकेतनात आयुष्यभर विद्युतशास्त्र शिकवल्यामुळे समजावून लिहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही. असो.)

आज हे आठवायला निमित्त घडले. लोणावळ्यात एक वाचनालय आहे, ते अंधांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करते. माझ्या पत्नीने, सरोजिनीने, शाळेतून निवृत्त झाल्यावर तिथे नाव नोंदवले होते. दोन वर्षांनी तिला पहिले पुस्तक मिळाले: एक जाडजूड कौटुंबिक कादंबरी. महिनाअखेरपर्यंत पूर्ण करून द्यायची, नाहीतर ती दुसऱ्या वाचकाकडे जाणार. सरोजिनीने पहिले प्रकरण नमुना म्हणून पाठवले. वाचनालयाचे काम पाहणाऱ्या समीक्षाचा आज निरोप आला: “काकू, वाचन अप्रतिम! फक्त मागे तुमच्या फॅनचा आवाज येतोय. तेवढा बंद करून पुन्हा पाठवाल?” शेवटी हसऱ्या तोंडाचे चित्र. तांत्रिक तक्रारीत हसरे तोंड कशासाठी, हे कळले नाही.

सरोजिनीचा चेहरा उतरला. मी म्हणालो, घाबरू नकोस. संगणकाचा पंखा हा विषय माझा आहे. दोन दिवसांत निकाल.

मंगळवार, ७ जानेवारी.

निदानाआधी उपचार करू नये. म्हणून हार्डवेअर मॉनिटरिंगचा एक प्रोग्राम उतरवून घेतला. मोफत आहे. प्रत्येक भागाचे तापमान, प्रत्येक पंख्याचे फेरे, प्रत्येक व्होल्टेज, सारे एका खिडकीत. इतके दिवस आपण आंधळेपणाने संगणक वापरत होतो, हे जाणवून अंगावर काटा आला.

दर दोन सेकंदांनी आकडे बदलतात. मी ते अर्ध्या सेकंदावर आणले. माहिती जितकी ताजी तितकी चांगली.

दुपारी सरोजिनीने दुसरे प्रकरण वाचले. मी नेहमीप्रमाणे तिच्या मागच्या खुर्चीत बसून देखरेख केली. संपूर्ण मौन पाळून. ती खरोखर सुरेख वाचते.

पंखा किंचित जास्त घुमतो आहे असे वाटते. म्हणजे दोष वाढतो आहे. वेळेत लक्ष घातले हे बरे झाले.

गुरुवार, ९ जानेवारी.

गंभीर. यादीच्या तळाशी एक सेन्सर सापडला: ‘टेम्परेचर ३’. आकडा १२७ अंश सेल्सियस!

पाणी शंभराला उकळते. इथे तळेगावात आज पहाटे अकरा अंश होते, आणि आमच्या टेबलाखाली एकशे सत्तावीस! सरोजिनीला तातडीने खोलीबाहेर काढले. कॅबिनेटचे झाकण उघडले. खिडकी सताड उघडली. माळ्यावरून टेबलफॅन काढून उघड्या कॅबिनेटसमोर पूर्ण वेगात लावला.

तिसरे प्रकरण सरोजिनीने स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून वाचले. मध्येच खिडकीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाने शिट्टी दिली आणि ती सरळ आमच्या घरात शिरली, कारण खिडकी उघडी. पान पुन्हा वाचावे लागले. ती म्हणाली, “अहो, पंख्याचा आवाज घालवायला तुम्ही आणखी एक पंखा आणलात?” मी तिला समजावले की आधी प्राण वाचवावा, मग आवाजाचे पाहता येते.

टेबलफॅन लावूनही आकडा १२७. एक अंशही कमी नाही. विलक्षण दाह.

शनिवार, ११ जानेवारी.

दुसरे मत घ्यावे म्हणून दुसरा प्रोग्राम टाकला. तो म्हणतो, ‘टेम्परेचर ३’ उणे पंचावन्न.

एकशे सत्तावीस की उणे पंचावन्न? जळतो आहे की गोठला आहे? निवाड्यासाठी तिसरा प्रोग्राम टाकला. तो म्हणतो, असा सेन्सरच नाही.

तिघेही एकाच वेळी चालू ठेवले आहेत, म्हणजे तुलना न्याय्य होईल. आता सीपीयूच्या पंख्याचे फेरे मध्येच शून्य दिसतात, मध्येच वीस हजार. संगणक मंदावला आहे, पंखा सतत घोंघावतो आहे. दोष झपाट्याने पसरतो आहे.

संध्याकाळी भाजे गावाहून अंबूबाईंचा फोन. ऐंशीच्या आहेत, दृष्टी गेलेली. वाचनालयाने नमुन्याचे प्रकरण त्यांना ऐकायला पाठवले होते. फोन स्पीकरवर होता. “बाई, पुढचं कवा धाडता? त्या यमूला सासरी न्हाई पाठवलं न्हवं? माज्या जिवाला लय घोर लागलाय. अन् ते आबा लय ग्वाड मानूस हाये. त्येला मारू नगा.” सरोजिनीने विचारले, कोण आबा? “त्ये न्हाई का, मधी मधी बोलतंय त्ये!”

कादंबरीत आबा नावाचे पात्र नाही. वय झाले की गोंधळ व्हायचाच. मात्र ऐकणारे खरोखर वाट पाहत आहेत, हे कळून सरोजिनीचे डोळे भरून आले. फोन ठेवल्यावर म्हणाली, “हे पुस्तक माझ्याकडून गेलं ना, तर मी पुन्हा नाव नाही नोंदवणार.” मी तिला शब्द दिला.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

१२७ चा उलगडा झाला! दिवसभर वाचून काढले. मदरबोर्डवरच्या चिपला सेन्सर जोडण्यासाठी अनेक जागा असतात. सगळ्या जागी सेन्सर असतोच असे नाही. रिकाम्या जागेचे तापमान विचारले की चिप काहीतरी टोकाचा आकडा फेकते. बंद घराच्या दाराची बेल दाबून आतल्या माणसाचे वय ठरवावे, तसे. शिवाय तीन प्रोग्राम एकाच चिपला एकाच क्षणी प्रश्न विचारू लागले की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते. म्हणून शून्य आणि वीस हजार.

इतके स्वच्छ स्पष्टीकरण मनात ठेवणे अशक्य होते. हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बायका आल्या होत्या, त्यांना फळ्याऐवजी ताटाच्या पाठीवर खडूने आकृती काढून समजावले. त्या लवकर गेल्या. सरोजिनी म्हणाली, “त्या वाण घ्यायला आल्या होत्या, व्याख्यान ऐकायला नाही.” दोनजणी तर वाण विसरून गेल्या.

दोन प्रोग्राम काढून टाकले. उरलेल्याची आकडे घेण्याची गती कमी केली. पंखा पुष्कळच शांत झाला. माझ्या उपचारांना यश येते आहे.

टेबलफॅन माळ्यावर गेला. सरोजिनीला सर्दी.

शुक्रवार, १७ जानेवारी.

यश आले की माणसाने थांबू नये. पुष्कळच शांत म्हणजे पूर्ण शांत नव्हे. प्रोग्राममध्ये पंख्याची गती स्वतः ठरवण्याची सोय आहे. सरोजिनी सातवे प्रकरण वाचायला बसली तेव्हा मी मागच्या खुर्चीतून, वायरलेस माउसने, हळूच पंखा शून्यावर आणला.

काय शांतता! तापमान साठ, सत्तर, पंच्याऐंशी असे चढत होते. आलेख अत्यंत सुबक येत होता. तिकडे कादंबरीत यमूचे ठरलेले लग्न मोडते आणि ती आईला काही न सांगता विहिरीवर जाऊन दोन घागरी भरून आणते. सरोजिनी ते अशी वाचत होती की मी आलेख बघायचा विसरलो.

पडदा काळा झाला. संगणकाने स्वसंरक्षणार्थ स्वतःला बंद केले. तत्त्वतः हे अत्यंत समाधानकारक आहे: सुरक्षायंत्रणा शाबूत असल्याचे सिद्ध झाले.

फाइल गेली.

सरोजिनीने पुस्तक मिटले. मग म्हणाली, “माझा गळा दाटला होता हो वाचताना. खरा दाटला होता. तो परत कुठून आणू?”

मी मदरबोर्डचे मॅन्युअल उघडले.

शनिवार, १८ जानेवारी.

पंखा स्वयंचलित गतीवर ठेवला. सरोजिनी माझ्याशी कामापुरतेच बोलते. कामही फारसे नाही.

निर्णय: सोमवारी आम्ही दोघांनी लोणावळ्याला जायचे. समीक्षाला प्रत्यक्ष भेटून तांत्रिक अहवाल सादर करायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. आज-उद्या जाता येत नाही. शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाणारा रस्ता म्हणजे पुण्याचे वाहनतळ.

अहवाल: बारा पाने, चार रंगीत आलेख. परिशिष्टात ‘टेम्परेचर ३’.

सोमवार, २० जानेवारी.

शक्य तितक्या अलिप्तपणे लिहितो.

समीक्षा ही तिशीची, हसतमुख मुलगी आहे. तिने चहा मागवला. मी अहवाल उघडून पंख्याच्या गतीचा इतिहास सांगू लागलो. तिसऱ्या पानावर तिने हळूच विचारले, “काका, पण कुठला पंखा?”

मी म्हणालो, तुमच्याच निरोपात आहे. फॅनचा आवाज.

तिने ओठ दाबून धरले. “अय्यो! काका, मी काकूंच्या *फॅन*बद्दल म्हटलं होतं. म्हणजे चाहते! मागे कुणीतरी सारखं ‘वा’ म्हणतंय.”

आणि तिने पहिले प्रकरण लावले. सरोजिनीचा आवाज. मग मागून, स्पष्ट, पुरुषी: “वा.” पुढच्या परिच्छेदानंतर: “सुरेख.” मग: “इथे जरा थांब... हां. असं.” मग खुर्ची करकरली. मग: “विहिरीला त्या काळी रहाट असायचा. रहाट म्हणजे तरफेचंच एक रूप.” यमूच्या वडिलांच्या आजारपणात चक्क: “बल कमी लागतं, अंतर वाढतं.”

संगणकाच्या पंख्याचा आवाज? शोधूनही सापडला नाही. समीक्षा म्हणाली, “ते मशीन एवढं शांत आहे की आम्ही त्याचं मॉडेल विचारणार होतो.”

मी म्हणालो, हे रेकॉर्डिंग सदोष असावे.

समीक्षाने सरोजिनीला विचारले, “काकू, इतकं मागे बोलतात, तुम्हाला ऐकूच आलं नाही?” सरोजिनी हसून हसून डोळे पुसत होती. “अगं, तेहतीस वर्षं झाली. आमच्या खिडकीखालून गाडी जाते, ती तरी कुठे ऐकू येते मला?”

मुदत वाढवता येत नाही. कादंबरी मार्चमध्ये सगळीकडे पाठवायची आहे. महिनाअखेरपर्यंत सगळे पहिल्यापासून. सरोजिनी म्हणाली, “करीन.” माझ्याकडे पाहिले नाही, पण परतीच्या वाटेवर मगनलालची नसली तरी चिक्की घेतली आणि अर्धी मला दिली.

मंगळवार, २१ जानेवारी.

वाचनाच्या वेळी खोलीत फक्त सरोजिनी आणि संगणक. मॉनिटरिंगचा उरलेला प्रोग्रामही मीच काढून टाकला. तिने सांगितले नव्हते. सांगण्याआधी काढला, इतकेच.

मी दिवाणखान्यात थांबणार होतो. सरोजिनी म्हणाली, “दिवाणखान्यात नको.” स्वयंपाकघर? “नको.” गॅलरी? तिने माझी चप्पल दाखवली.

शनिवार, २५ जानेवारी.

रोज दोन तास सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसतो. माळी रखमाजी पाणी घालत असतो. आज त्याला स्प्रिंकलरचा दाब का कमी येतो ते सांगितले. तो म्हणाला, “व्हय सर,” आणि पलीकडच्या वाफ्याकडे गेला. तो वाफा ओलाच होता.

पाचवे प्रकरण झाले. सहावे झाले. सातव्याच्या दिवशी मी वर आलो तेव्हा सरोजिनी पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. डोळे लाल. म्हणाली, “आला हो. गळा परत आला.” मी काही बोललो नाही. म्हणजे, बोललो नसावा.

गुरुवार, ३० जानेवारी. संध्याकाळ.

काल शेवटचे प्रकरण गेले. आज समीक्षाचा निरोप: पुस्तक स्वीकारले. सरोजिनीला पुढचे पुस्तक हवे का, असेही विचारले आहे. तिने मला न विचारता ‘हो’ कळवले. तिने विचारले असते तर मी अभिनंदनच केले असते. केलेही, जरा सविस्तर.

तरीही एक शास्त्रीय शंका शिल्लक होती. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या प्रकरणाच्या वेळी मी कदाचित भारावलो असेन. एरवी मी मितभाषी आहे. हे तपासायला कुठलाही प्रोग्राम उतरवून घ्यावा लागत नाही. म्हणून आज दुपारी सरोजिनी बाजारात गेली असता, घरात मी एकटा असताना, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून चाचणी घेतली. गप्प बसून वर्तमानपत्र वाचले. वाचून झाल्यावर मनाशी नोंद केली: एक शब्दही उच्चारला नाही. मग ऐकले.

मी पहिल्या पानापासून हवामानापर्यंत सगळे वर्तमानपत्र समजावून सांगितले होते. खुर्चीला.

चाचणी कुणालाही करता येईल. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा. फोन पालथा ठेवा. नेहमीचे एखादे काम एकट्याने, गप्प राहून, अर्धा तास करा. आपण किती वेळा बोललो याचा अंदाज कागदावर लिहा, आणि मग ऐका.