‘लूनर पीच’ चालली की नाही, याचा कायमचा निकाल

मी, आर्लीन मेबल हॅकवर्थ, कै. लॉयड हॅकवर्थ यांची पत्नी, वय वर्षे ऐंशी, धंदा मोटारींच्या बैठका शिवणे (आता बंद), राहणार फ्रेस्नो, कॅलिफोर्निया, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले असले तरी डोके जागेवर आहे. मजवर कोणी दडपण आणलेले नाही. गोड बोलून पाहणारा एक होता, माझा मुलगा गॅरी. त्याची डाळ शिजली नाही. या कागदावर सही होताच माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर गॅरीला. मागच्या खोलीचे छप्पर गळते. ते दुरुस्त करून देतो असे तो नऊ वर्षे म्हणतो आहे, आता स्वतःचे म्हणून तरी करील.

२. चामडे शिवायचे मशीन, वाकड्या सुया आणि माझी कात्री नात टेसा हिला. कात्रीने कागद कापू नये.

३. लॉयडचे एकेचाळीस चषक त्याच्या मोटार क्लबाला. पंख्याखाली कागद उडतात, त्यांवर ठेवायला बरे.

४. मोटार ‘लूनर पीच’, लॉयडने स्वतः बनवलेली, सन १९६४, पीचच्या रंगाची, एका माणसाची, डोक्यावर प्लास्टिकचा घुमट. हा घुमट व्हार्तान केशिशियनच्या काकांच्या बेकरीत, पावाच्या भट्टीत तापवून फुगवला होता, आणि पुढचा आठवडाभर अख्ख्या गल्लीने प्लास्टिकच्या वासाचा पाव खाल्ला. व्हार्तान लॉयडचा मित्र, रेडिएटर दुरुस्त करतो. त्या पावापासून तो या गाडीच्या वाईटावर आहे.

ओकलंडला अशा हौशी मोटारींचे प्रदर्शन भरे, तिथे नियम असा की गाडी स्वतःच्या ताकदीवर दारातून आत आली पाहिजे. बाकीच्यांच्या इंजिनात तेलाचा थेंब नसे, नुसती चकाकी. गाडी गिअरमध्ये टाकायची, स्टार्टर दाबून धरायचा आणि बॅटरीवर कुरकुरत दहा फूट सरकवायची. लोक टाळ्या वाजवीत. लॉयडने मासिकवाल्यांना सांगितले, “मी फ्रेस्नोपासून चालवत आणली.” फोटोसकट छापून आले.

मग शौकिनांनी फोटोवर पट्टी ठेवली. लॉयड सहा फूट तीन इंच. घुमटाखाली पाच फूट एक इंचाहून उंच माणूस मावत नाही. म्हणजे लॉयड थापाड्या, म्हणजे गाडी चाललीच नाही. पन्नास वर्षे हेच दळण. एक पंथ म्हणतो, ही कला आहे, चित्राला कोणी चालून दाखव म्हणते का. दुसरा पंथ व्हार्तानचा: “जी चालत नाही ती गाडी नव्हे, सोफा.” तिसरा पंथ कॉम्प्युटरवर बसतो. त्यांनी गाडी पाहिलेलीच नाही, त्यामुळे त्यांना सगळे माहीत आहे. गाडी चालते, असे मी एकदा तिथे लिहिले. लगेच उत्तर आले, “आजी, तुम्ही स्वेटर विणा.”

माझी उंची चार फूट अकरा. त्याच फोटोत डाव्या कोपऱ्यात थर्मास धरून उभी आहे ती मी. गाडी मी चालवली. एकशे पंच्याहत्तर मैल, अकरा तास; लॉयड मागून ट्रक घेऊन येत होता. दारातून आतही मीच नेली. घुमटाला आतून वाफ धरली होती, तोंड कोणाला दिसले नाही. लॉयडने वरून चादर टाकली आणि तिच्याआडून मला उतरवले.

चालवायला गाडी कशी आहे, हे सांगू शकणारी जगात मी एकटी, म्हणून लिहून ठेवते. भिकार आहे. स्टिअरिंगऐवजी दांडा आहे. तो ढकलला की गाडी आधी विचार करते, मग वळते. मागचे काही दिसत नाही, पुढचे थोडे दिसते. फेब्रुवारीतसुद्धा मोडेस्टो येईपर्यंत मी वाफवलेले कणीस झाले होते. ब्रेक देवाच्या हाती. सोफा बरा. पण चालते.

लॉयड शेवटच्या दुखण्यात असताना व्हार्तान जर्दाळू घेऊन आला आणि म्हणाला, “आता तरी खरं सांग गड्या, चालली होती का रे?” लॉयडने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “नाही रे. ट्रकवर घालून नेली.” मी त्याला सूप भरवत होते. वाडगा ठेवला आणि अंगणात गेले. लबाड ठरणे त्याला चालले, बायकोने चालवली म्हणणे चालले नाही. त्या ‘नाही’चा राग अजून माझ्या मनात आहे.

आधीच्या मृत्युपत्राप्रमाणे गाडी दक्षिणेकडच्या एका संग्रहालयाला जाते. तिथले लोक इंजिन काढून ती भिंतीवर तिरकी टांगणार आणि खाली पाटी लावणार: ‘रस्त्यावर कधीही न चाललेली.’ गॅरी म्हणतो, “आई, पाटी कोण वाचतंय?” मी वाचते.

सबब गाडी टेसाला. उंची पाच फूट. तिने सहा आठवडे खपून पेट्रोलच्या नळ्या बदलल्या आहेत. अट एकच, चालवावी.

५. दफनभूमीत लॉयडच्या दगडावर माझी अर्धी बाजू कोरी आहे. मी तिथेच जाईन, भांडायला माणूस ओळखीचा बरा. नावाखाली ‘चालक’ एवढेच कोरावे.

६. व्हार्तानला काहीतरी द्यावे असे मनात होते. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला वारसा देऊ नये. मग त्याला काही नको, साक्षीदारच करते.

७. हा कागद टाईप होऊन वकीलबाईंच्या कचेरीत पडला आहे. सहीसाठी मी घरून ‘लूनर पीच’ चालवत येईन. अंतर अडीच मैल. मागे ट्रक नाही, ढकलायला कोणी नाही. वाटेत बंद पडली तर सही होणार नाही, जुने मृत्युपत्र कायम राहील आणि तिला खुशाल भिंतीवर टांगा. मग पाटीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही.

सही: आर्लीन मेबल हॅकवर्थ
(अक्षर थरथरले आहे ते दांड्यामुळे.)

साक्षीदार पहिली: डोलोरेस किन्ताना, कारकून. सही माझ्यादेखत झाली.

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते:
मी, व्हार्तान केशिशियन, वय ब्याऐंशी. कागदात काय आहे ते मी वाचलेले नाही. बाईंनी सही माझ्यासमोर केली आणि त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. आणखी लिहून देतो की आज सकाळी दहा चाळीसला ती गाडी कचेरीच्या दारात आली. ओढून आणलेली नव्हती, मी खाली वाकून पाहिले. इंजिन चालू होते. रेडिएटर गळतो आहे. बाहेर यायला वहिनींना पाच मिनिटे लागली. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मी विचारले, “वहिनी, ओकलंडलाही तुम्हीच?” त्या म्हणाल्या, “आधी सही करा.” सही केली आहे. लॉयडला मी पन्नास वर्षे विचारत होतो. वहिनींना एकदाही विचारले नाही.

सही: व्ही. केशिशियन
फ्रेस्नो, १४ ऑक्टोबर २०१४