आमच्या गल्लीत स्कूटर थांबत नाही

४ फेब्रुवारी
ही आज बहिणीकडे राहायला गेली. मागच्या आठवड्यात फूटपाथवर कुणीतरी भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर आडवी टाकली होती, तिला अडखळून ही पडली. गुडघा सुजला. तेव्हापासून गप्पच होती. निघताना म्हणाली, तुमच्या शहरात चालायला जागा नाही आणि तुमच्या घरात बोलायला. मी पालिकेच्या वाहतूक खात्यात असल्यामुळे पहिली तक्रार रास्त आहे. दुसरी मोघम वाटली. चार दिवसांत येईल.

५ फेब्रुवारी, सकाळी
शिलाई मशीनही नेलंय, हे आत्ता लक्षात आलं. मेहुणीचे पडदे शिवायचे असतील.
संकल्प: या स्कूटर्सना शिस्त लावायची. फूटपाथ मोकळे झाले की हिला न यायला कारणच उरणार नाही.

१२ फेब्रुवारी
स्कूटर कंपनीच्या माणसाबरोबर मीटिंग. खात्यात त्याला टायवाला म्हणतात. मी नियमांचा मसुदा वाचून दाखवला. रंगवलेल्या चौकोनातच स्कूटर ठेवायची. बाहेर ठेवली तर ॲपवर राइड संपणारच नाही, भाडं चालू. टायवाला म्हणाला, लोक अडकतील हो. म्हटलं, अडकू देत, अडल्याशिवाय कुणी सुधारत नाही.
कलम सात: फूटपाथवर दोन माणसं शेजारी-शेजारी चालतील एवढी जागा मोकळी हवीच. साहेबांनी विचारलं, हे माप कुठून आणलंत? परदेशी अभ्यास आहे म्हणून ठोकून दिलं. माप आमचंच आहे. लग्नानंतर रोज जेवण झाल्यावर आम्ही चालायला जायचो. ही फार बोलायची. मग माझं प्रमोशन झालं आणि चालणं राहिलं.

२६ फेब्रुवारी
मसुदा मंजूर! लगेच हिला फोन. कलम एक ते नऊ समजावून सांगितली. मध्येच तिने विचारलं, जेवलात का? म्हटलं, थांब, दंडाचं कलम राहिलंय. फोन कट झाला. त्या भागात नेटवर्क वाईट आहे.
जेवलो नव्हतो.

४ मार्च
शहरातला पहिला चौकोन मेहुणीच्या बिल्डिंगसमोर रंगवून घेतला. स्वतः उभा राहिलो. हिने खिडकीतून बघितलं असणार. पडदे लावलेले होते, म्हणजे शिवून झाले.
आमच्या गल्लीत मात्र एकही चौकोन नाही. ॲपच्या नकाशावर अख्खी गल्ली लाल केली, म्हणजे इथे स्कूटर हळू होणार आणि राइड संपवता येणार नाही. हिच्या वाटेत पुन्हा एक चाकसुद्धा येता कामा नये. शेजारी वैतागले आहेत. वैतागोत बापडे.

१९ मार्च
हिचा फोन! स्वतःहून! रविवारी येते म्हणाली, एकदा बसून नीट बोलू, तुम्ही फक्त ऐका. गुडघा अजून दुखतो, म्हणून स्कूटरनेच येणार. माझ्या नियमांवर तिचा केवढा विश्वास!
संकल्प: घर झाडणे. तिची खुर्ची खिडकीजवळ ठेवणे. अजिबात न बोलणे. फूटपाथचे आधीचे आणि नंतरचे फोटो फक्त हातात ठेवणे.

२२ मार्च, दुपारी
सकाळपासून गॅलरीत. ही आली. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर आपोआप हळू झाली. माझाच नियम, बरं वाटलं. ही गेटसमोर थांबली, बटण दाबलं. स्कूटर पीं पीं करत म्हणाली, इथे राइड संपवता येणार नाही. हिने पुन्हा दाबलं. मग वर बघितलं. निळी साडी, मला आवडते ती.
खालून तिने विचारलं, इथेच ठेवू का? दंड काय असेल तो भरू, मला फार चालवत नाही हो.
मी गॅलरीतूनच सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. चौकोन शाळेच्या पलीकडे आहे. तिथे लाव आणि ये, फूटपाथ अगदी मोकळा केलाय.
तिने स्कूटर वळवली. मग गेली.
चहा टाकलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गुडघा दुखतोय, सावकाश येत असेल म्हणून थांबलो. चहा दोनदा गरम केला. शेवटी फोन केला. ती बहिणीकडे पोचली होती. काय बोलायचं होतं, विचारलं. म्हणाली, आता काही राहिलं नाही.
उद्या गेटसमोर एक चौकोन मंजूर करून घेतो. एकाच सहीचं काम आहे.

२३ मार्च
सही झाली. फोन केला, ती घेत नाही.

३ एप्रिल
मेहुणीचा निरोप, हिचे उरलेले कपडे पाठवून द्या. पाठवायचे कशाला, मीच घेऊन गेलो, स्कूटरने. निळी साडी त्यांत नव्हती, ती तिच्याकडेच आहे. मेहुणीच्या बिल्डिंगसमोरच्या चौकोनात स्कूटर लावली. पहिल्याच बटणाला राइड संपली. शहरातला सगळ्यात उत्तम चौकोन आहे तो.
मेहुणीने दारातच बॅग घेतली. आत मशीन चालू होतं. म्हटलं, सांगा, गेटसमोर आता चौकोन केलाय. मशीन थांबलं. मी थांबलो. मग मशीन परत सुरू झालं. मेहुणी म्हणाली, भावोजी, या आता.
येताना स्कूटर घेतली नाही, चालत आलो. कुठे काही आडवं पडलेलं नव्हतं. दोन माणसं शेजारी-शेजारी आरामात चालतील एवढी जागा आहे. मी घरापर्यंत एका कडेने आलो.