मी सुचवलेली गोष्ट

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मला हिंगोलीला नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यालाही आता वीस वर्षं होत आली. तुम्हाला लिहावंसं मधे बऱ्याचदा वाटलं, पण आज लिहायला बसले ती भीतीपोटी. कशाची भीती, ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावात तुमच्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं रहस्यकथा असायच्या. शाळेतल्या बाकीच्या मास्तरांनी हसू नये म्हणून तुम्ही त्या तिथं ठेवायचात. मी सातवीत. भाकरी थापता थापता तुम्ही विचारता, "भुताची पाहिजे का खुनाची?" आणि पिठाच्या हातानंच पुस्तक काढून देता. एकदा तुमचं एक भुताचं पुस्तक मी वर्गातल्या मैत्रिणीला दिलं. त्यातली मेलेली आई रोज दार वाजवायला येते. मैत्रिणीची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. ती चार दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा दार लोटल्याचा आवाज झाला तरी थरथरायची. तुम्ही मला चुलीपाशी बसवलं.

"काहून दिलं तिला?"

"लई भारी आहे म्हणून, बाई."

"पुस्तक कसं हाय ते मला ठावं हाय. लेकरू कसं हाय ते बघितलं का तू?"

मी रडले. तुम्ही समजूत काढली नाही, भाकरी उलटत राहिलात.

तरी सुचवायची खोड गेली नाहीच. आता मोबाइलवर आमचा साठेक जणांचा ग्रुप आहे. थरारक कादंबऱ्या, जादूच्या दुनियेच्या कादंबऱ्या, सिनेमे, पॉडकास्ट असं सगळं आम्ही एकमेकांना सुचवतो. पॉडकास्ट म्हणजे, बाई, रेडिओवरच्या श्रुतिकेसारखी भागाभागांनी ऐकायची गोष्ट. दर रविवारी मी काहीतरी सांगते आणि लोक खरंच वाट बघतात. त्याचं मला फार सुख वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी आठ भागांचा असाच एक पॉडकास्ट सुचवला. एका घरातली सून. घरातले तिला वेडी ठरवत जातात आणि ती रोज विहिरीकडं बघत बसते. "अंगावर काटा येतो, शेवट चुकवू नका," असं मी लिहिलं. त्याच गुरुवारी सकाळी कचेरीत पोचले तर ग्रुपमधल्या एका बाईचा मेसेज. तिच्या नवऱ्याचा वाशिम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला ढाबा. कणीक मळताना पदराखाली इअरफोन लावून ती ऐकायची, एवढीच आमची ओळख. भेट कधी नाही. तिनं लिहिलं होतं, "ताई, सात भाग झाले. ह्यातली सून म्हणजे मीच हाय. आमच्या मागं पण विहीर हाय."

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. साहेबांना घरी अडचण आहे म्हणून सांगितलं आणि वाशिमची एसटी धरली. रस्ताभर मी खिडकीतून विहिरीच मोजत होते. पोलिसांना कळवावं तर काय सांगायचं? एका बाईला मी गोष्ट ऐकायला लावली म्हणून?

ढाब्यावर तिची सासू कांदे चिरत होती. मी मैत्रीण म्हणून सांगितलं.

"येड्यावानी करून राहिली दोन दिसांपासून," सासू मान वर न करता म्हणाली. "माझ्या पोरानं मोबाइल फोडला तिचा सकाळी. गेली असंल विहिरीकडं."

तुरीच्या वावरातून मी पळाले, बाई. या वयात, साडी खोचून. विहीर दिसली. आत बघावं लागेल या भीतीनं मी थांबले. मग कठड्याच्या पलीकडं ती दिसली. पाय आत सोडून बसलेली. गालावर पाचही बोटं उमटलेली. मी वळसा घालून तिच्याजवळ गेले, माझं नाव सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"ताई, शेवटी काय होतं तिचं?"

मी आठवा भाग ऐकलाच नव्हता. रविवार गाठायचा म्हणून सातवर थांबून मी लिहून टाकलं होतं. शेवट चुकवू नका, असं.

"वाचते ती," मी म्हणाले. "माहेरी जाते."

"बराबर ऐकलं ना तुमी?"

"व्हय. दोनदा."

तिनं एकदा पाण्याकडं बघितलं. मी हात पुढं केला. तिनं तो घट्ट धरला आणि पाय बाहेर घेतले.

माझ्या फोनवरून तिच्या माहेरी, जवळच्याच पुसेगावला, भावाला फोन केला. तो येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेला उभ्या राहिलो. नवरा समोर येऊन म्हणाला, "तुमी कोण हो मधात?" मी तिचं मनगट सोडलं नाही. दुपारी भाऊ मोटारसायकलवर आला आणि तिला घेऊन गेला.

आता ती पुसेगावात शिवणकाम करते. भावानं नवा मोबाइल दिला. परवा तिनं ग्रुपवर स्वतःहून एक विनोदी सिनेमा सुचवला, "लई हसले" म्हणून. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला. पण तिचं नाव फोनवर दिसलं की अजून मी तो मेसेज लगेच उघडत नाही. तिनं आठवा भाग ऐकला असेल का, मी विचारलेलं नाही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं? तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं, समोर यायची छाती झाली नसती. आणि खरं सांगायचं तर, बाई, तो भाग मीही अजून ऐकलेला नाही.