दोघींची बेरीज

४ नोव्हेंबर
आज सासरी आले. बावन्नाव्या वर्षी नवी नवरी म्हणवून घ्यायला लाज वाटते, पण आनंद झाला, खोटं कशाला लिहू. यजमान योशिहारू स्टेशनवर न्यायला आले होते. वाटभर बोलले ते फक्त बर्फाबद्दल. सासूबाई दारातच उभ्या. हातपाय धुवायच्या आत मला बुद्धाच्या देव्हाऱ्यापुढे नेलं. तिथे ह्यांच्या पहिल्या बायकोचा, मिवाताईंचा फोटो आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेल्या. रोज त्यांच्यापुढे भात आणि सोयाबीनच्या खारट मिसोचं सूप ठेवायचं, वाफ विरली की उतरवून सुनेनं संपवायचं, टाकायचं नाही. टाकणं माझ्या स्वभावातच नाही. मनापासून हात जोडले.

५ नोव्हेंबर
न्याहारीआधी रक्तदाब मोजायची या घरची शिस्त आहे. यंत्रात दोन जणांच्या नोंदी वेगवेगळ्या राहतात. बटण एक मिवाताईंचं होतं, दोन माझं. माझा ११८. त्यांची शेवटची नोंद १३८, गेल्या त्या सकाळची. एवढाच? सासूबाई म्हणाल्या, थोड्यानंच गेली ती, जास्त असता तर कुणी लक्ष तरी दिलं असतं.

१० नोव्हेंबर
मिवाताईंना खारटच आवडायचं, म्हणून देव्हाऱ्यातल्या वाटीत मिसो दुप्पट. वरून उतरवली की ती आणखीच खारट लागते. तरी पिते. सासूबाईंचा टोमणा, की शहरातल्या बायका मीठ मोजून घालतात नि हसतातही मोजूनच.
माझा १२४. बटण एकमध्ये आजच्या तारखेची नोंद, १३२. सासूबाईंना विचारलं, चुकून तुम्ही दाबलंत का. त्यांनी बाही वर करून दंड दाखवला. नुसतं हाड. पट्टा बसणारच नाही त्यावर.

१६ नोव्हेंबर
थकायला होतं. जिन्यात मध्येच बसले. गावची आरोग्यसेविका आली होती. म्हणाली, थोडासा जास्त आहे, मीठ कमी करा, बाकी काही नाही. वर हसून म्हणाली, सगळ्या गावाचा असाच असतो, आता तुम्ही खऱ्या इथल्या झालात.
माझा १३१. तिकडे १२५. घरखर्च लिहायची सवय, म्हणून मागच्या नोंदींची दिवसवार बेरीज केली. दोघींची मिळून दोनशे छप्पन्न. पहिल्या दिवशी तेवढीच, आजही तेवढीच. मी चढते तेवढी ती उतरते.
ह्यांना दाखवलं. पेपरातून मान न काढता म्हणाले, यंत्र जुनं झालंय, नवीन आणू. मीच नको म्हटलं. चालतंय की.

१९ नोव्हेंबर
सूप मोरीत ओतलं. जन्मात पहिल्यांदा अन्न टाकलं. बुद्धाची क्षमा मागितली. तरी जिभेवर दिवसभर तीच खारट चव. १३५.

२१ नोव्हेंबर
माझा १३७. तिकडे ११९. डोकं जड. अंथरूण आवरायचं त्राण नाही.
सासूबाईंनी न्याहारीला चार वाट्या मांडल्या. आम्ही तिघंच. फोटोची चौकट पुसून ठेवली आहे — आत फोटो नाही. मी बघत राहिले तर माझं नाव घेऊन मायेनं म्हणाल्या, हिसानो, तुला अळणी आवडतं ना, उद्यापासून देव्हाऱ्यात अळणीच ठेवीन.

२२ नोव्हेंबर
पट्टा डाव्या दंडावर आहे, म्हणून लिहिता येतंय. बटण दाबलेलं नाही — आपोआप आवळतोय. सुटत नाही. सासूबाई समोर बसल्यात, हे त्यांच्या शेजारी. मग स्वयंपाकघरात मिसो कोण ढवळतंय —
हे उठून आत गेले. हाक मारली — माझ्या नावानं नाही —
१३८.
जास्त नाही. सेविका म्हणाली तसं, थोडासाच —
आतून बाईचा आवाज विचारतोय, हिची वाटी कुठली, हिला मीठ किती —
मला काही नको, मी अजून इथे बस