आता कुठला पाय?

प्रिय ढब्बू,

आता कितीही हडकुळा जॉकी झाला असलास तरी माझ्यासाठी तू ढब्बूच. लहानपणी ज्याच्या वजनाने म्हातारं तट्टू मट्कन खाली बसलं होतं, त्याला दुसरं नाव शोभत नाही. तुझा निरोप मला केव्हाच मिळाला. “ताई, तुझ्या त्या घोडीवर मला बसवायचं म्हणतायत. हो म्हणू का?” आणि खाली एक हसरा चेहरा. मी फोन टेबलावर पालथा ठेवला तो ठेवलाच. फोनवर बोलायला गेले असते तर अर्ध्या मिनिटात भांडण काढलं असतं, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षर लागलं नाही तर टेबलाला दोष दे, ते डुगडुगतं. या घरात सध्या कुणाचा पाय धड आहे हेच कळेनासं झालंय.

झालं ते तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचलं असणार, तेव्हा एकदा माझ्या तोंडून ऐक. त्या घोडीचं कागदावरचं नाव मोठं भारदस्त आहे, पण तबेल्यात तिला सगळे मावशी म्हणतात. घरच्या कार्यात मान न मिळालेल्या मावशीसारखी ती कायम तोंड फिरवून उभी असते. त्या दिवशी सगळ्यांनी तिच्यावरच पैसे लावले होते. आम्ही शेवटच्या डाव्या वळणावर आलो तेव्हा पुढे दोनच घोडे होते आणि मावशीच्या अंगात पुष्कळ दम शिल्लक होता. मी तिला अजून चाबूक दाखवलासुद्धा नव्हता. तेवढ्यात माझ्याखाली डाव्या बाजूला काहीतरी नव्हतं. याहून नीट मला सांगता येत नाही. अंधारात जिना उतरताना आता जमीन आली असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं झालं. मग दोन-तीन ढांगा ठीक पडल्या. मग पुन्हा तसंच झालं, किंवा मला वाटलं की झालं. मी रिकिबीत उभी राहिले आणि लगाम खेचून धरला. मागचे सगळे घोडे दोन्ही बाजूंनी धडधडत निघून गेले, आणि जाता जाता कुणीतरी मला एक सणसणीत शिवी दिली.

खाली उतरून तिचा डावा पुढचा पाय हातात घेतला. थंड होता, सरळ होता, कुठे काही नाही. मावशी माझ्या टोपीचा पट्टा चघळत होती. घोड्याला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ आली की लोकांना दिसू नये म्हणून हिरवा पडदा धरतात ना, तो घेऊन माणसं पळत आली. मावशी त्यांच्या देखत ठुमकत चालायला लागली. पडदा कशासाठी धरायचा ते त्यांना कळेना, तेव्हा तो गुंडाळून माणसं परत गेली. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला, एक्स-रे फोटो काढले, कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवलं. माझ्यापेक्षा हिचे पाय चांगले आहेत म्हणाले. हाडाला केसाएवढी चीर असली तर ती सुरुवातीला फोटोत दिसत नाही, असंही म्हणाले, पण ते हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून. शर्यतीच्या पंचांनी चौकशी लावली, तिथे ते वाक्य आलंच नाही.

चौकशीत मला विचारलं, घोडीला काय झालं होतं? म्हटलं, माहीत नाही. मग थांबवली कशाला? म्हटलं, माहीत नाही म्हणूनच. त्यावर त्यांच्यातल्या एकाने अगदी गोड आवाजात विचारलं, कुणी थांबवायला सांगितलं होतं का? ढब्बू, माझी कानशिलं अशी तापली की मला शब्द फुटेना, आणि माझं गप्प राहणं त्यांनी आपल्या सोयीने समजून घेतलं. पुढच्या चौकशीपर्यंत मला खोगिरावर बसायची बंदी आहे. गंमत बघ. तिचा पाय मोडला असता तर सगळ्यांनी मला पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. मोडला नाही म्हणून मी लबाड. वाचलेली घोडी काही माझ्या बाजूने साक्ष द्यायला येत नाही.

बरं, मी खरी आहे असं ठासून म्हणायचं तर तेही जमत नाही. मागे घोड्यावरून पडले होते तेव्हा माझ्या डाव्या खुब्यात धातूची पट्टी घातली, ते तुला माहीत आहे. त्यानंतर कधीमधी डावी मांडी बधिर होते, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. त्या दिवशी वजन उतरत नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून घोटभर पाण्यावर होते, सकाळी प्लास्टिकचे कपडे घालून गरम पाण्यात बसले होते, आणि काट्यावर उभी राहिले तेव्हाच डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. तर वळणावर जे नाहीसं झालं ते मावशीचं की माझं? एकदा वाटतं तिचं. मग जिना उतरताना माझाच पाय लटपटतो आणि वाटतं, घ्या, हेच ते. तिच्या मोतद्दारालाही विचारलं, तो तर तिच्याजवळच झोपतो. तो म्हणाला, काही नाही हो तिला. मग म्हणाला, हल्ली डाव्या कुशीवर लोळत नाही. मग डोकं खाजवून म्हणाला, पण आधी तरी कुठे लोळायची. असे सगळे मला मदत करतायत.

आणि तिसरंच एक डोक्यात येतं, ते म्हणजे बाबा. भर शर्यतीत त्यांच्याखाली त्या काळ्या घोड्याचा पाय मोडला तेव्हा तू फार लहान होतास. चौकशीवाल्यांनी त्यांना निर्दोष ठरवलं, मालक घरी येऊन बसला, शेजारीपाजारी सांगून गेले की तुमचा काय दोष. तरी ते पुन्हा शर्यतीत बसले नाहीत. तुम्हाला आधी काहीच जाणवलं नव्हतं का, असं मी त्यांना खूप वर्षांनी विचारलं. ते बूट पुसत होते, पुसतच राहिले. जाणवलं होतं, म्हणाले, खात्री करून घेत होतो. एवढंच. त्या दिवसापासून मी प्रत्येक वळणावर ते वाक्य घेऊनच बसत असेन, आणि ज्याच्या मनात भूत त्याला झुडूपही हलताना दिसतं.

आमचे ट्रेनरकाका वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, पोरी, पुढच्या चौकशीत सांगून टाक, अंदाज चुकला, खुब्याचं दुखणं होतं. थोडे दिवस बंदी भोग आणि पुन्हा बस. घोडीवरचा ठपका जाईल, तुझ्यावरचा संशय जाईल, सगळ्यांचं भलं होईल. धडधडीत खोटं बोलायला सांगितलं असतं तर मी ताडकन उठून आले असते. पण हे खरंही असू शकतं, तिथेच तर माझी पंचाईत आहे. मी ‘माझा खुबा’ म्हटलं की मावशीच्या पायाकडे पुन्हा कुणी ढुंकून बघणार नाही. नाही म्हटलं तर मला कुणी घोड्यावर बसवणार नाही, आणि घोड्यावर बसण्याशिवाय मला काय येतं? साधं डुगडुगणारं टेबल नीट करता येत नाही. काकांना म्हटलं, विचार करते. आता मावशीला तुमच्याकडच्या मैदानावर पाठवतायत, तिथे म्हणे लोक जुनं विसरतील, आणि खोगिरावर तुला बसवायचं त्यांनी ठरवलं. बहिणीने थांबवलेली घोडी भावाने जिंकून दिली की सगळ्यांची तोंडं बंद. काका अगदी खुशीत होते.

तुला ते म्हातारं तट्टू आठवतं? बाबा आपल्याला त्याच्यावर बिनखोगिराचं बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि दोर धरून चालवता चालवता विचारायचे, आता कुठला पाय? जमिनीला टेकलेला पाय बुडाखालून ओळखायचा. माझं उत्तर बहुतेक बरोबर यायचं. तुझी पाळी आली की मी कुंपणावर जाऊन बसायचे, आणि तू पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघायचास. तू ‘डावा’ म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली की लगेच ‘नाही नाही, उजवा’. तुला वाटायचं कुणाला कळत नाही. बाबांना सगळं कळायचं. ते म्हणायचे, अरे, घोडं तुझ्याखाली आहे, ताई नव्हे. आणि आपण तिघंही हसत सुटायचो.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू. तुझा निरोप वाचला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. घोडामैदान जवळच आहे, आता कळेल सगळ्यांना, असं मनात आलं, आणि मग लक्षात आलं की त्या घोडीवर तू बसलेला असशील. मी खरी ठरायची तर त्या वळणावर काय व्हायला हवं ते मला लख्ख दिसलं, आणि मी फोन पालथा ठेवला. तुझी सख्खी ताई आहे मी, आणि माझ्या मनात हे आलं. म्हणून हो की नाही ते मी सांगणार नाही, माझ्या तोंडाचा माझाच मला भरवसा उरलेला नाही. तू नाही म्हणालास तर दुसरं कुणी बसेल, आणि त्याला कुणाची ताई पत्र लिहिणार नाही. तेव्हा असं कर. मावशी तिथे पोचली की सकाळी तिला सावकाश बाहेर काढ, तिच्याशी थोडं बोल, आणि डाव्या वळणावर डोळे मीट. मग काय ते तू ठरव. बसलासच, आणि शर्यतीत काही वाटलं, नुसतं वाटलं, तरी रिकिबीत उभा राहा आणि लगाम खेच. खात्री व्हायची वाट बघू नकोस, बाबांना खात्री झाली होती. लोक आपल्याला दोघांनाही लबाड म्हणतील, तू इकडे ये, मी चहा टाकते. काहीच वाटलं नाही तर खुशाल जिंकून ये, मी सगळं खुब्यावर ढकलून मोकळी होईन आणि रडत रडत पेढे वाटीन. फक्त या वेळी फटीतून माझ्याकडे बघू नकोस रे. घोडं तुझ्याखाली आहे, ताई नव्हे.

तुझीच, कुंपणावर बसलेली,
ताई