गलक्याचं नवं नाव

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. इतिहास घडवणाऱ्याने टिपणं ठेवावीत.
मीटिंगमध्ये माझा प्रस्ताव पास. आमच्या साइटचं 'गलका' हे नाव जाणार. बारा वर्षं अख्खा देश तिथे येऊन भांडतो, हे मान्य. पण गलका म्हणजे गोंगाट. ब्रँड हेड म्हणून मला लाज वाटायची. नवं नाव 'ओ'. लोक हाक मारणार, आम्ही ओ देणार. मोठ्या साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावले होते. मग म्हणाले, बघा बुवा, जबाबदारी तुमची. म्हणजे पूर्ण विश्वास.
एका अक्षराचा वेब-पत्ता मिळणं महाकठीण. मला चटकन मिळाला. आधीचा मालक विकायला उतावीळ होता. माझ्या बोलण्याची छाप अशी पडली की त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मीही विचारला नाही.

१० मार्च, सोमवार
बायकोला नाव सांगितलं. ती म्हणाली, ओ काय? म्हटलं, ओ. ती म्हणाली, अहो तेच विचारतेय, काय? मार्केटिंगची जाण उपजत असावी लागते.
ताईचा फोन. ताई शाळेत शिकवते, त्यामुळे सख्ख्या भावाशीही फळ्यावर लिहिल्यासारखं बोलते. तिच्या वर्गाच्या छताचे पोपडे बाकांवर पडतात. अर्ज करून थकली, तेव्हा तिने फोटो गलक्यावर टाकले. हजारोंनी पुढे पाठवले. म्हणाली, बाळ्या, तुमच्या गलक्यामुळे निदान इंजिनिअर येऊन बघून गेला, दुरुस्तीला परत येतो म्हणालाय. म्हटलं, ताई, आता गलका नाही, 'ओ' म्हण. ती म्हणाली, आधी छत होऊ दे, मग म्हणशील ते म्हणते.
दूरदृष्टी आमच्या घराण्यात माझ्यापाशीच थांबली.

१७ मार्च, सोमवार
सकाळी दहाला 'ओ' सुरू. सव्वादहाला देशभर बंद. पडद्यावर एकच ओळ: ही साइट शासनाच्या आदेशाने रोखण्यात आली आहे. ऑफिसात धावाधाव. कुणी रडलंसुद्धा. मी शांत. मला लगेच उमगलं. सरकार घाबरलं. एका अक्षराला!
निश्चय: झुकणार नाही.
उद्या काळा शर्ट.

१८ मार्च, मंगळवार
काळा शर्ट इस्त्रीला गेलेला. निळा घातला.
पत्रकाराला मुलाखत दिली. म्हटलं, तुरुंगात टाका, पण अक्षर पुसता येणार नाही. त्याने विचारलं, कुठलं अक्षर? असले पत्रकार असताना हुकूमशाहीला सेन्सॉर लागतोच कशाला?
घरी बॅग भरली. टूथब्रश, बीपीच्या गोळ्या, उशी. बायको म्हणाली, अटक झालीच तर जाताना कचरा खाली नेऊन ठेवा.
वापरकर्त्यांच्या तक्रारींचा पाऊस. स्वातंत्र्याबद्दल एकही नाही. सगळ्यांना आपापल्या मांजरांचे फोटो परत हवेत. यांच्यासाठी मी तुरुंगात जायचं!

२० मार्च, गुरुवार
साइट रोखणाऱ्या सरकारी नियंत्रण कक्षात स्वतःहून गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मला वाटलं होतं पोलादी दारं असतील. एक खोली, घरघरणारा टेबलफॅन, कुंडीत वाळलेलं रोप. अधिकारी बाईंना सर्दी झालेली. म्हटलं, मी हजर आहे, काय करायचं ते करा. त्या म्हणाल्या, कोण आपण?
बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये शोधलं. मग म्हणाल्या, तुमच्यावर काहीच नाहीये. या पत्त्यावर पूर्वी घाणेरड्या फोटोंची साइट होती, ती आम्ही बंद केली होती. पत्ता यादीत राहिलाय, म्हणून मशीन आपोआप अडवतं. तुम्ही तो विकत घेतलात? खरंच?
विचारलं, तुमच्यावर वरून कुणाचा दबाव आहे? त्या नाक पुसत म्हणाल्या, अहो, इथे अर्ज भरा, होऊन जाईल.
भरला. पण फसलो नाही. माझ्यावरची फाइल इतकी वरच्या पातळीवर असणार की या बाईंना दाखवतही नसतील.

२१ मार्च, शुक्रवार
मोठे साहेब दार लावून ओरडले. काचेचं दार, त्यामुळे सगळ्यांना दिसलं.
दुपारी धागा सापडला! शिक्षण खात्याची एक विनंती आमच्याकडे पडून होती: शाळांची बदनामी करणाऱ्या अमुक पोस्ट काढाव्यात. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, नुसती विनंती आहे, मानायची काही गरज नाही. भोळी बाई. राजकारणात विनंती म्हणजे काय हे मला कळतं. इकडे पोस्ट, तिकडे बंदी. सरळ आहे.
झुकायचं नाही हे कायम. थोडं वाकायला हरकत नाही. सगळ्या पोस्ट काढायला लावल्या. शाळा आणि छत हे शब्द एकत्र आले की पोस्ट आपोआप उडेल, अशी सोयही केली. त्यात ताईचीही गेली. तात्पुरतीच. मोठ्या लढाईत घरच्यांना आधी झळ बसते.
सद्भावना म्हणून अधिकारी बाईंना फोनवर कळवलं. त्या म्हणाल्या, कसल्या पोस्ट? तो विषय आमच्याकडे नसतो. तुमचा अर्ज सकाळीच मंजूर केलाय.
बिचारीला उघड बोलता येत नाही.

२४ मार्च, सोमवार
साइट सुरू. विजय माझा. ऑफिसात केक. त्यावर फक्त आमचा लोगो, इंग्रजी गोल 'ओ', हवा होता. केकवाल्याला तो शून्य वाटला, म्हणून त्याने '०वा वाढदिवस' लिहून पाठवलं. मोठ्या साहेबांनी तुकडा घेतला नाही. डायबेटीस असेल.
ताईचा फोन. बाळ्या, माझी पोस्ट गेली. पुन्हा टाकली, तीही गेली. इंजिनिअर आता म्हणतो वरून विचारणा थांबलीय, सवडीने येतो. तू तिथेच आहेस ना, बघ की जरा. म्हटलं, तांत्रिक अडचण आहे, बघतो.
बघणार होतो. पण लोगोची गोलाई डावीकडे जरा चपटी वाटत होती. तिच्यातच दिवस गेला.

२ एप्रिल, बुधवार
'ओ' रद्द. पुन्हा 'गलका'. कारण काय, तर लोक गलकाच म्हणतात. लोक! मला ब्रँड हेडवरून 'विशेष कामे' या पदावर घेतलं. कामं कुठली, ते अजून ठरायचंय. इतकी विशेष.
खिडकी नसलेली खोली मिळाली. एकाग्रतेला उत्तम.

६ एप्रिल, रविवार
काल दुपारी शाळा सुटल्यावर ताईच्या वर्गाचं छत कोसळलं. आत कुणी नव्हतं. बायकोकडून कळलं. ताईने मला फोन केला नव्हता. लाइन लागली नसेल.
सकाळी गेलो. खिडकीकडचे बाक पार चेपलेले. शिक्षक, पालक मलबा उपसत होते. ताईला म्हटलं, त्या पोस्टचं असं झालं की धोरण म्हणून… तिने माझ्या हातात घमेलं दिलं. म्हणाली, आधी हे उचल. दुपारपर्यंत उचलत होतो. मध्येच सांगायचा प्रयत्न केला की पोस्ट असती तरी सिमेंटला वाचता थोडंच येतं? ती दुसऱ्या टोकाला निघून गेली.
मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, हे कोण? ताई म्हणाली, ओळखीचे आहेत.
चारचौघांत भावाचं कौतुक नको, म्हणून म्हणाली असेल.
निघताना तिने मला हात धुवायला साबण आणून दिला. मग पाहिलं, सगळ्यांनाच देत होती.