भिजल्या कागदांची परीक्षा

काटिमा मुलिलो,
९ जुलै १९९३

ती. सौ. आलिदाताईस,
धाकट्या हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रस्क पुढच्या महिन्यात पाठवते, भावजींना म्हणावं, तोवर पाव बुडवून खा.

इथली बातमी वाईट आहे. गेल्या आठवड्यात मंगळवारी आमचा सिमासिकू गेला. बावीस वर्षं यांच्यापुढे माग काढत चालणारा माणूस. गावाला मांस हवं म्हणून यांनी चाळीस पावलांवरून रानरेड्याच्या खांद्यात गोळी घातली. तो झुडपात शिरला, माग काढताना उलटला, आणि पुढे सिमासिकू होता. हे म्हणतात, माझा हात थरथरला, नेम चुकला. रविवारी चर्चमध्ये स्तोत्राला ओठसुद्धा हलवले नाहीत.

ताई, नेम चुकला नव्हता. काडतुसं मीच भरते, म्हणून कातडं सोलणाऱ्यांनी रीतीप्रमाणे रेड्यातली गोळी वजनासाठी माझ्याकडे आणून दिली. पाचशे ग्रेन वजनाची गोळी, उरली एकशे नव्वद. खांद्याच्या हाडावरच फुटली, काळजापर्यंत पोचलीच नाही. आणि ती मी निवडलेली. मार्चमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात दोन्ही जातींच्या गोळ्या झाडून पाहिल्या होत्या. जाड कवचाची जेमतेम उमलली. ही पातळ कवचाची, शिवाय स्वस्त, अळंबीसारखी सुरेख फुलली, म्हणजे घाव मोठा. यांना ती जाड, बसक्या टोकाचीच हवी होती. मी चिडवलं, की तुम्हाला बसकं नाकच आवडतं, म्हणून तर मला केलीत! आणि हट्टानं साठ काडतुसं भरून दिली. कागदाला हाड नसतं, हे मला सुचलं नाही.

काडतुसांच्या वहीत या गोळीच्या वजनाची जागा कोरी ठेवलीय. यांना सांगू की नको? उलट टपाली कळव.

तुझी माया आहे तशीच राहो.
हेस्टर

विंडहुक,
२० जुलै १९९३

चि. सौ. हेस्टर हिस अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझं ऐक, गप्प बस. तुझा फान अठ्ठावन्नचा झाला; या निमित्तानं हातची रायफल कायमची सुटली तर देवच पावला. पुरुष स्वतःला कधीतरी माफ करतो, बायकोला नाही. गोळी नदीत टाक, वहीत काहीतरी आकडा लिही. लहानपणी साखर चोरून स्वतःच आईला सांगायला धावायचीस. तो खुळेपणा आता नको.

प्रकृतीला जप, आणि या बहिणीवर रुसू नकोस.
आलिदा

काटिमा मुलिलो,
८ ऑगस्ट १९९३

ती. सौ. आलिदाताईस सा. न. वि. वि.

तुझं ऐकणार होते. पण आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, हे सिमासिकूच्या बायकोकडे, इनोंगेकडे, गेले. मीही होते. तिच्या भावानं सगळ्यांदेखत सुनावलं, की म्हाताऱ्या हातांनी काठी धरावी, बंदूक नव्हे. हे मान खाली घालून हो म्हणाले. ते ‘हो’ मला सोसवलं नाही.

घरी येऊन गोळी यांच्या तळहातावर ठेवली. बराच वेळ उलटीपालटी केली. मग म्हणाले, चल, हे तिला तुझ्या तोंडानं सांग.

सांगितलं. इनोंगेनं एकच विचारलं, दुसऱ्या जातीची गोळी घे असं तुला कुणी म्हटलं होतं का. मी म्हटलं, यांनीच. ती उठून आत गेली, बाहेर आली नाही. तिच्या भावानं यांचा हात मात्र धरला.

सोमवारपासून हे पुन्हा रानात जातात. काडतुसं स्वतः भरतात. भरायची खोली कुलपात असते, किल्ली यांच्याजवळ. जेवणाआधीची प्रार्थना दोघं मिळून म्हणतो, तेवढाच काय तो आवाज.

तुझा लोभ तेवढा असू दे, ताई. इथे कुणाकडे मागायला मला तोंड उरलेलं नाही.
हेस्टर